ब्लॉकेज दिसले, म्हणजे स्टेंट नव्हे

हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘चाळीस टक्के ब्लॉकेज’ असे शब्द दिसले की घरात पहिला प्रश्न निघतो: स्टेंट कधी टाकायचा? भीती समजण्यासारखी असली, तरी प्रश्न चुकीचा आहे. या तपासणीचे मोठे मोल रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली हे सांगण्यात नाही, तर तिच्या भिंतीत साचलेला थर दाखवण्यात आहे. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात, गरज पडल्यास गोळी देऊन नाडीची गती कमी करतात आणि काही सेकंद श्वास रोखायला सांगून प्रतिमा घेतात. त्यात कॅल्शियम पांढरेशुभ्र दिसते, तर चरबीयुक्त मऊ थर काळपट. हा मऊ थर फुटून त्यावर गुठळी धरली की हार्ट अटॅक येतो, आणि तो फुटण्यापूर्वी वाहिनी फारशी अरुंद झालेली असेलच असे नाही.

याचा भक्कम पुरावा स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासातून मिळाला. छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या 4,146 रुग्णांपैकी निम्म्यांची नेहमीच्या उपचारांसोबत सीटी अँजिओग्राफीही केली. 2018 मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात 3.9 टक्के होते. सीटी झालेल्यांत ते 2.3 टक्के निघाले. अँजिओप्लास्टी आणि बायपासचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. फरक होता तो औषधांत: सीटी गटातील अधिक रुग्णांना कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि ॲस्पिरिनसारखे प्रतिबंधक उपचार सुरू झाले होते.

यावर पहिला आक्षेप उत्तर अमेरिकेतील ‘प्रॉमिस’ अभ्यासाचा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दहा हजार रुग्णांच्या अभ्यासात सीटी आणि स्ट्रेस टेस्टसारख्या तपासण्या यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. पण तिथे पाठपुरावा साधारण दोनच वर्षांचा होता आणि प्रतिबंधक औषधांचे फळ दिसायला वेळ लागतो. शिवाय सीटी गटात कॅथेटर घालून करायच्या अँजिओग्राफीचे प्रमाण अधिक होते. म्हणजे थर दिसला की पुढची प्रक्रिया करण्याचा मोह होतो, हेही याच अभ्यासाने दाखवले. त्या मोहाला 2020 मधील ‘इस्केमिया’ अभ्यासाने उत्तर दिले. आजार स्थिर असलेल्या रुग्णांत आधी औषधे सुरू करण्यापेक्षा सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी वा बायपास करण्याने मृत्यू वा हार्ट अटॅक टळण्यात ठोस फायदा दिसला नाही. छातीतले दुखणे कमी करण्यात प्रक्रियेचा उपयोग आहेच. प्रत्यक्ष अटॅक आलेला असेल किंवा डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, तर हिशेब वेगळा.

दुसरा प्रश्न असा की, तपासणी इतकी उपयुक्त असेल तर चेकअप पॅकेजमध्ये सगळ्यांचीच का करू नये? स्वीडनमध्ये हृदयविकाराचे निदान नसलेल्या 50 ते 64 वयाच्या 25 हजारांहून अधिक लोकांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा सुमारे 42 टक्क्यांच्या धमन्यांत थर सापडला. म्हणजे सरसकट तपासणी केली तर या वयाचे जवळपास निम्मे लोक ‘रुग्ण’ ठरतील, आणि किरणोत्सर्ग व डायचा धोका पदरी पडेल तो निराळाच. जोखीम मध्यम आहे आणि स्टॅटिन घ्यावे की नाही याचा निर्णय होत नाही, अशांना धमन्यांतले कॅल्शियम मोजणारा, डाय न लागणारा कॅल्शियम स्कोअर उपयोगी पडतो. मात्र चाळिशीत स्कोअर शून्य आला म्हणून निर्धास्त होऊ नये. मऊ थर या स्कोअरमध्ये पकडला जात नाही आणि भारतीयांना हा आजार तुलनेने कमी वयात गाठतो. उलट स्टॅटिन घेणाऱ्यांचा स्कोअर वाढू शकतो, कारण मऊ थर घट्ट होताना त्यात कॅल्शियम साचते. तेव्हा औषध लागू पडते आहे का हे पाहायला वरचेवर स्कोअर काढण्यात अर्थ नाही.

म्हणून सीटीचा आग्रह धरायचा तो छातीत दुखण्यासारखी लक्षणे असलेल्यांसाठी, आणि त्यातून निघालेल्या थराला उत्तर द्यायचे ते आधी औषधांनी. सीटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट लिहिण्याच्या, 2022 मध्ये सुधारलेल्या ‘कॅड-रॅड्स’ पद्धतीत अडथळ्याच्या टक्क्यांसोबत एकूण थर किती, हेही नोंदवण्याची सोय आहे. ही नोंद रकाना भरण्यापुरती राहू नये. रुग्णाने रिपोर्ट हाती घेऊन डॉक्टरांना विचारावे: माझे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती खाली आणायचे, रक्तदाब किती असावा आणि पुढची तपासणी कधी? आणि तंबाखू सोडण्यासाठी तर रिपोर्टची वाट पाहण्याचेही कारण नाही.