लाटेच्या आधी पोहणं

डिसेंबर जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या कॉलेज कट्ट्यांवर एकच प्लॅन शिजतो : गोवा. हल्ली त्या प्लॅनमध्ये भाड्याच्या स्कूटरच्या जोडीला सर्फिंगही आलंय. आश्वे, मांद्रे, आगोंदच्या किनाऱ्यांवर नवशिक्यांसाठी तास-दोन तासांचे क्लास मिळतात. प्रशिक्षक बोर्ड धरतो, लाट आली की मागून ढकलतो, आपण चार सेकंद उभे राहतो आणि मित्र रील काढतो. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाशिवाय बोर्ड घेऊन गेलं की मात्र खरं काय ते कळतं. लाटा येतात, खालून निघून जातात आणि आपण तिथेच. शेजारचा पठ्ठ्या दहा लाटा घेतो, आपल्याला एकही मिळत नाही. असं का?

आपण समजतो की त्याच्यात डेअरिंग जास्त आहे. तसं नसतं. सर्फिंगमध्ये लाटेवर उभं राहण्याचा वेळ एकूण वेळाच्या दहा टक्केही नसतो. जवळपास निम्मा वेळ बोर्डवर पालथं पडून हातांनी वल्हवण्यात जातो आणि उरलेला बहुतेक वाट पाहण्यात. म्हणजे ज्याला जास्त लाटा हव्यात, त्याने उभं राहण्याआधीच्या या कामात तयार व्हायला हवं.

पहिली गोष्ट नजर. जाणकार सर्फर आल्या आल्या पाण्यात उडी मारत नाही. दहा-पंधरा मिनिटं किनाऱ्यावर बसून समुद्र बघतो. लाटा एकसारख्या येत नाहीत. तीन-चार मोठ्या एकामागोमाग येतात, मग पाणी शांत होतं. त्या कुठे फुटतात, हे आधी पाहून ठेवलं की उभं कुठे राहायचं ते समजतं. दुसरी गोष्ट बोर्डवरची जागा. मागे सरकलात तर बोर्डचं टोक वर उठून ब्रेक लागतो, पुढे सरकलात तर टोक पाण्यात घुसतं. टोक पाण्याच्या जेमतेम वर राहिलं पाहिजे. तिसरी गोष्ट वेग. लाट थांबलेल्या माणसाला उचलत नाही. धावती बस पकडताना आपण आधी तिच्या बरोबरीने पळतो, तसंच हे. लाट पोहोचण्याआधी वल्हवायला सुरुवात करायची, बोर्डची मागची बाजू उचलली गेली की आणखी दोन-तीन जोरदार हात टाकायचे आणि मगच उभं राहायचं. बहुतेकांची लाट घाईत उभं राहिल्याने सुटते.

शिस्तही हवी. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असतो, त्याची ती लाट. मध्ये घुसायचं नाही. सुरुवातीला लांब, मऊ फोमचा बोर्डच घ्यायचा. पावसाळ्यात खवळलेल्या अरबी समुद्राच्या वाटेला नवशिक्याने जायचंच नाही.

आता यादी पुन्हा बघा. झटक्यात उभं राहण्याचा सराव होस्टेलच्या फरशीवर होतो. त्यासाठी लागणारी खांद्या-छातीची ताकद आपल्याकडच्या तालमीत जोर मारून पिढ्यान्‌पिढ्या कमावली गेलीय. खान्देशात समुद्र नाही म्हणून यातलं काही अडत नाही. अडतं एकाच ठिकाणी : आपल्यातल्या कितीतरी जणांना पोहताच येत नाही. क्लासवाले कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळ लाटांवर भागवून नेतात. पण खरी लाट पकडायची तर त्यापलीकडे जावं लागतं आणि तिथे पाय टेकत नाहीत.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. मळ्यातल्या विहिरीत कमरेला रिकामा डबा नाहीतर भोपळा बांधून पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकत. मग पाणी खोल गेलं, विहिरींच्या जोडीला आणि नंतर जागी बोअर आले. बोअरमध्ये कोण पोहणार? शहरात तलाव आहेत, पण फी आहे, वेळ जुळत नाही आणि मुलींना घरून परवानगी मिळवणं ही आणखी एक शर्यत. शिकण्याची जुनी जागा गेली, नवी आपल्यापर्यंत पोहोचली नाही.

याची किंमत फक्त गोव्यात सुटलेल्या लाटांनी मोजली जात नाही. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा या आपल्याच नद्या, हतनूर, अक्कलपाडा ही आपलीच धरणं. पावसाळ्यात फिरायला गेलेली कॉलेजची पोरं बुडाल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो, स्टेटस ठेवतो आणि विसरतो. ‘धोका’ लिहिलेला फलक लावणं गरजेचं आहेच. पण फलक पोहायला शिकवत नाही. पोहता येणाऱ्याला पाण्याची ताकद कळते, कुठे उतरायचं नाही हेही कळतं.

म्हणून मागणी साधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात खेळासारख्या सहशैक्षणिक उपक्रमांना क्रेडिट मिळतं. मग बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने आणि कॉलेजांनी पोहण्याच्या महिन्याभराच्या बॅचला ते का देऊ नये? आपण भरतो त्या क्रीडा शुल्कातून शहरातल्या तलावाशी करार होऊ शकतो. मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक ठेवता येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जाणारे मोजके जलतरणपटू घडवून भागणार नाही. ज्याला अजिबात येत नाही, तो या योजनेच्या रांगेत पहिला हवा.

सर्फिंग आता फक्त फॉरेनरचा खेळ राहिलेला नाही. टोकियोपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे, २०२६ च्या आशियाई स्पर्धेतही आहे. २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कोवळमच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक जिंकलं. आपल्यातलं कुणी तिथवर जाईल न जाईल. पण या डिसेंबरच्या गोवा ट्रिपसाठी ग्रुपवर पैसे गोळा करायला सुरुवात करण्याआधी एक प्रश्न टाकून बघा : पोहता कुणाकुणाला येतं? जितके हात खाली राहतील, तितक्या जणांची नावं घेऊन कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटा. लाटेची तयारी तिथून सुरू होते.