कापडाचा हक्क

बायकांनी काय नेसावे, हे ठरवण्याची घाई प्रत्येक धर्माच्या ठेकेदारांना असते. ख्रिस्ती धर्मही त्याला अपवाद नाही. खरे तर बायबलच्या आरंभी आदाम आणि हव्वा लाजेने अंजिराची पाने शिवून नेसतात, तेव्हा देव स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रे करून देतो. म्हणजे पहिला टिकाऊ पोशाख देवाच्या हातचा! पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र स्त्रियांना उपदेश आला: केस गुंफू नका, सोने, मोती, भारी वस्त्रे टाळा. जिच्याकडे मोती होते, तिला हे ठीक. पण जिला छाती झाकण्याचीही परवानगी नव्हती, तिने काय टाळायचे?

एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर संस्थानातल्या नाडर स्त्रियांची हीच गत होती. वरच्या जातीच्या माणसांपुढे छाती उघडी ठेवणे, हा तिथे आदर दाखवण्याचा रिवाज. लंडन मिशनच्या पाद्र्यांमुळे अनेक नाडर कुटुंबे ख्रिस्ती झाली. १८१४ साली ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मन्रो यांच्या आदेशाने या ख्रिस्ती बायकांना 'कुप्पायम' हा सैल सदरा घालण्याची मोकळीक मिळाली.

पाद्र्यांना हवी होती मर्यादा. अंग झाकले की त्यांचे समाधान. बायकांनी मात्र नव्या धर्माचा अर्थ आपल्या परीने लावला. देवापुढे सगळे सारखे, तर नायर स्त्रीसारखा शेला आपल्या खांद्यावर का नको? त्या शेला घेऊन बाजारात जाऊ लागल्या. मग मारझोड झाली, भरबाजारात शेले फाडले गेले. १८२९ च्या फर्मानाने शेल्याला बंदी घातली, तरी बायका ऐकेनात. १८५८-५९ च्या दंगलीत घरे आणि प्रार्थनामंदिरेही जळाली.

इथे पाद्री बायकांच्या बाजूने दिसतात, पण म्हणून चर्चला फार मोठेपणा देण्याचे कारण नाही. गोव्यात सत्ता पाठीशी असताना इन्क्विझिशनने १७३६ साली ख्रिस्ती झालेल्या पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी वापरण्यास मनाई केली होती. त्यांची जुनी ओळख पुसून टाकायची होती ना!

त्रावणकोरमध्ये अखेर मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांच्या दडपणामुळे २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी नवे फर्मान काढले. नाडर स्त्री हिंदू असो वा ख्रिस्ती, तिला अंग झाकता येईल. अट एकच, वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसायचे नाही.