मागचा पांढरा दिवा

आमच्या सोमेश्वरनगर भागातल्या मोटारींना काय नसते ते विचारा. मागच्या काचेवर 'आई-वडिलांची पुण्याई', खाली निळ्या दिव्यांच्या पट्ट्या, आत कानठळ्या बसवणारा डेक, आणि गाडी मागे घेताना वाजणारी ती धून! नसतो तो फक्त चालू रिव्हर्स लाईट. संध्याकाळी करंजेपुलाला जरा उभे राहा आणि मागे येणाऱ्या गाड्यांपैकी किती पांढऱ्या दिव्यानिशी येतात ते मोजा. मास्तरकीतून निवृत्त झालो तरी मोजायची खोड जात नाही, म्हणून सांगतो.

हा पैशाचा प्रश्न नव्हे. पुष्कळ गाड्यांत तो 12 व्होल्टचा, 21 वॅटचा साधा बल्ब असतो. दोघांच्या चहा-वड्याच्या खर्चात येतो. खरी गोम अशी की हा दिवा गेला तरी मालकाचे काही अडत नाही. हेडलाईट गेला तर खड्डा दिसत नाही. इंडिकेटरचा बल्ब गेला तर पुष्कळ गाड्यांत टिकटिक घाईने वाजू लागते. रिव्हर्स लाईट गेल्याचे मात्र बहुतेक गाड्यांत आत बसलेल्याला कळतच नाही. त्याचे निम्मे काम मागे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे ना! मग कोण बघतो?

माझे माजी विद्यार्थी मला शिकवतात, "सर, आता कॅमेरा असतो. दिव्याचे काय घेऊन बसलात?" बाळांनो, तो कॅमेरा अंधारात कशाच्या उजेडात बघतो? त्याच दिव्याच्या! 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, चांगलेच झाले. पण सेन्सर पीं-पीं करतो तो गाडीच्या आत. मागच्या म्हातारीला त्यातले काय ऐकू येणार? शिवाय तो बंपरवर बसवलेला, अगदी जमिनीलगतचे त्याला नीट कळेलच असे नाही.

आणि जमिनीलगत आमच्याकडे काय असते, हे गाळपाच्या दिवसांत येऊन बघा. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला पडतात. आई-बाप फडात, पोरे कोपीपुढे पाचटात खेळत असतात. त्यातली काही माझ्यासारख्यांच्या शाळेत चार महिने येऊन गेलेली. रस्ता अरुंद, एका अंगाला चारी, दुसऱ्या अंगाला ऊस. समोरून भरलेली ट्रॉली आली की ती काही मागे सरत नाही, मोटारवाल्यालाच मागे यावे लागते. रात्री आठला, थेट कोप्यांच्या दिशेने, आणि मागे काळोख. पोराला कळावे कसे की गाडी आपल्याकडे येते आहे?

हे खेड्यातलेच दुखणे आहे असेही नाही. अमेरिकेत 2002 साली कॅमेरॉन गुलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घराच्याच आवारात गाडी मागे घेताना गेला. गाडी त्याच्या वडिलांची, आणि वडील बालरोगतज्ज्ञ! त्याच्या नावाने 2008 साली तिथे कायदा झाला आणि पुढे 2018 पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. एका पोरापायी देश हलला. आपल्याकडे बल्ब हलत नाही.

तपासायला मेकॅनिक लागत नाही. तिन्हीसांजेला गाडीची पाठ भिंतीकडे करा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, रिव्हर्स गिअर टाका आणि आरशात बघा. भिंत उजळली तर ठीक. (ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेकवरचा पाय काढू नका. आणि दिवा बघायला कुणाला उभे केलेत तर बाजूला उभे करा, गाडीमागे नव्हे!) काही गाड्यांना मुळात एकच रिव्हर्स लाईट असतो, तेवढे पुस्तिकेत पाहून घ्या.

दोनपैकी एकच लागत नसेल तर बहुधा बल्ब गेलेला, नाहीतर होल्डरला हिरवट गंज चढलेला, नाहीतर अर्थची तार सुटलेली. दोन्ही लागत नसतील तर आधी फ्यूज बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा बसवा. तिथे तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांना गाडी पेटवायची घाई असावी. नवा फ्यूजही उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज धड असेल तर संशय गिअरबॉक्सवरच्या स्विचचा. त्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्यावर दिवा लागला तर स्विच बाद. हे मात्र वायरमनकडून करून घ्या. दिवे डिकीच्या झाकणात असतील तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तारा वाकून वाकून तुटतात. आणि आमच्याकडे उंदीर! ऊस तुटला की त्यांचा मुक्काम बॉनेटखाली.

काहींचे उलटेच. ते मागे पांढऱ्या एलईडीची पट्टी लावतात आणि ती कायम पेटती ठेवतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या बाजूला तांबड्याखेरीज दिवा दाखवायला मनाई आहे. त्यातून वगळलेल्या थोड्या दिव्यांत गाडी मागे घेतानाचा पांढरा दिवा आहे. म्हणजे मागे असा लख्ख पांढरा दिवा दिसला की त्याचा अर्थ एकच, गाडी मागे येते आहे. सतत 'मागे येतो, मागे येतो' म्हणत पुढे जाणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

हे बघणार कोण, तर कोणीच नाही. पीयूसीवाला धूर मोजतो. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची, तोवर दिवे तपासायला तिला कुठे उभे राहावे लागत नाही. सर्व्हिसिंगच्या कागदावर 'लाईट्स' पुढे बरोबरची खूण असते. ओळखीच्या एकाच्या कागदावरची ती खूण मी वाचली, आणि त्याच अंगणात त्याला रिव्हर्स टाकायला लावले. भिंत काळीच राहिली. कागद तेवढा त्याने जपून डॅशबोर्डमध्ये ठेवला.