केवळ वाहक?



मूल सतत आजारी पडले की पहिले बोट आईकडे वळते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्या बोटाला विज्ञानाचा आधार मिळाला तर? म्हणूनच या वेळी मी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरच्या एका संशोधनाविषयी लिहिते आहे.

न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतूला गिळते आणि प्राणवायूपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल द्रव्ये बनवून त्याला मारते. ही यंत्रणा बिघडली की जंतू गिळला जातो, पण मरत नाही. मुलाला वारंवार गळवे होतात, फुप्फुसांत संसर्ग होतो. हा क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज.

त्याच्या एका प्रमुख प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याला एक्स मिळतो तो आईकडून. झाले! ‘हिच्या माहेरचा रोग’ म्हणायला सासर मोकळे. पण कधी हा दोष मुलातच नव्याने उद्भवतो; आजाराच्या इतर प्रकारांत तो आईवडील दोघांकडून येतो. हे कोण सांगते?

स्त्रीच्या पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो, असे ब्रिटनच्या मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. १९६७ साली अमेरिकेत डोरोथी विंडहॉर्स्ट, ब्यूला होम्स आणि रॉबर्ट गुड यांनी या आजाराबाबत तेच दाखवून दिले : अशा आईच्या रक्तात काही पेशी धडधाकट, तर काही दुबळ्या असतात.

म्हणजे आजार तिच्याही शरीरात आहे. तरी तिच्यावर शिक्का ‘वाहक’ असा. जणू ती माणूस नव्हे, मुलापर्यंत दोष पोचवणारी वाट! ब्रिटनमधील पाहणीत अशा अनेक स्त्रियांना उन्हाने अंगावर चट्टे, तोंड येणे, सांधेदुखी, थकवा असे त्रास आढळले. जिच्या फारच थोड्या पेशी काम करतात, तिला मुलासारखाच गंभीर संसर्ग होऊ शकतो. एरवीही बाईचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवले जाते. इथे तर ते विचारलेच जात नाही.

डीएचआर नावाच्या तपासणीत थोड्याशा रक्तावरून या पेशी पारखता येतात. मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या सरकारी संस्थेत या आजारावर काम चालते. आरोग्यावर काम करणाऱ्या गटांनी एवढा आग्रह जरूर धरावा : मुलाचे निदान झाले की आईचीही तपासणी व्हावी, आणि ती पुढच्या बाळंतपणापुरती नव्हे, तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी.