लुंगी घ्यायची, पण मापाने!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रायपूरचा मे म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. पारा ४५ अंशांकडे धावत असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत माझे सासरे न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि काही दिवसांनी वॉकर धरून ते घरी आले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो कपड्यांचा. बाबा आयुष्यभर बाहेर पँट आणि घरात पायजमा घालणारे. पण पायजमा चढवायचा तर वाकायला हवे, पाय उचलायला हवा आणि डॉक्टरांनी नेमकी त्याचीच मनाई केलेली. "काही दिवस लुंगी वापरा," असे त्यांनी सांगताच बाबांचा चेहरा उतरला. "लुंगी नेसून मी चार माणसांत बसू?" एवढेच ते म्हणाले.

ह्यांनी घाईघाईने बाजारातून पहिली दिसली ती लुंगी आणली. झुळझुळीत कापड, त्यावर छापलेल्या चौकड्या आणि किंमत अगदी कमी. दोन तासांत तिचे गुण कळले. घाम टिपला जाईना, गाठ टिकेना, चालताना पुढून उघडे पडे. एकदा तर खालचे टोक वॉकरच्या पायात अडकून बाबा पडता पडता वाचले. त्या दिवसापासून दारावरची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेऊ लागले. तात्यापाऱ्यातले त्यांचे जुने मित्र भेटायला येत आणि "झोपलेत" हे आमचे उत्तर ऐकून परत जात. पाय बरा होत होता, पण माणूस मनाने खचत चालला होता.

हा तिढा सोडवला नववीतल्या माझ्या मुलाने. लुंगीवरच्या चौकड्या पाहून तो म्हणाला, "आजोबा, हा तर किल्ट! स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो."

बाबा हसले, पण त्यांचे कुतूहल जागे झाले. मग आजोबा-नातवाने मिळून बरीच माहिती जमवली. किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांचा पोशाख. कमरेभोवती गुंडाळायचा, मागे चुण्या आणि खाली गुडघ्यापर्यंत. १७४५ च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारने १७४६ मध्ये कायदा करून त्या भागातल्या पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली. ती थेट १७८२ मध्ये उठली. पुढे पहिल्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी किल्ट घालूनच खंदकांत लढल्या. आज तिथले लोक लग्नाकार्याला तो मिरवतात. पूर्ण चुण्यांच्या किल्टला सातेक मीटर लोकरी कापड लागते आणि हाताने शिवलेला चांगला किल्ट काही शे पौंडांना पडतो.

सगळे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपली लुंगी हा स्वस्तातला किल्टच की! मग सूनबाई, जरा नीट बघून तरी आणा."

त्यांचे ते "नीट" मला लागले. साडी घेताना आपण पोत पाहतो, पदर पाहतो, दहा साड्या उलगडायला लावतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने चोवीस तास अंगावर वागवायचे वस्त्र मात्र "एक लुंगी द्या हो" म्हणून उचलून आणतो! दुसऱ्या दिवशी मी मेजरिंग टेप घेऊनच बाजारात गेले. त्या खरेदीत जे शिकले, ते इथे सांगते.

आधी माप घ्या

लुंगीला माप कसले, असे दुकानदारही म्हणतात. त्यांचे ऐकू नका. बसल्यावर किंवा चालताना उघडे पडू नये म्हणून कापडाचे दोन पूर्ण वेढे बसायला हवेत. त्यासाठी नितंबाच्या घेराची दुप्पट अधिक चार इंच, एवढी लांबी धरावी. बाबांचा घेर ४२ इंच. म्हणजे ८८ इंच, साधारण सव्वादोन मीटर. बाजारात दोन मीटरच्या लुंग्या सर्रास मिळतात. सडपातळ माणसाला त्या पुरतात, इतरांना नाही. वरचे चार इंच धुतल्यावर आटण्यासाठी आहेत.

आता उंची. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप घ्या, त्यातून दोन इंच वजा करा आणि वर दुमडण्यासाठी सहा इंच मिळवा. लुंगी घोट्याच्या किंचित वर राहिली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाच्या पायात येणारी लुंगी म्हणजे दुसऱ्या फ्रॅक्चरला आमंत्रण. पन्ना मोठा असेल तर खालची पट्टी दुमडून तुरपाई करावी.

कापड पारखा

उन्हाळ्यासाठी शंभर टक्के सुती कापडच हवे. खात्री करायची तर काठाचे दोन-तीन धागे काढून घ्या आणि घरी चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी बनते. ही परीक्षा केवळ घामासाठी नाही. देवापुढची निरांजन, गॅसची शेगडी यांच्याजवळ वावरणाऱ्या माणसाच्या अंगाला वितळलेले कापड चिकटले, तर भाजल्याची जखम अधिक वाईट होते. अर्थात सुती लुंगीही पेट घेतेच, म्हणून लोंबते टोक नीट खोचण्याची सवय हवी.

कापड उजेडात धरून पाहा. आरपार दिसत असेल तर ठेवून द्या. मुठीत चुरगळून सोडा. पांढरी पूड हाताला लागली तर तो खळीचा भपका समजावा. पहिल्या धुण्यातच असे कापड लुळे पडते.

रंगासाठी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहा. गंमत म्हणजे मद्रासच्या चौकड्यांचे कापड एकेकाळी रंग सोडण्यासाठीच नावाजले होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्याची जाहिरातच "रंग जाण्याची हमी" अशी होत असे! पण अमेरिकन तरुणांना जी ऐट वाटली, ती आपल्या बादलीतल्या पांढऱ्या चादरीला परवडणारी नाही.

रायपुरात कुठे पाहाल?

कापडाचे मोठे मार्केट पंडरीला आहे. ठोक दुकानदार एक नग देत नाहीत, पण चिल्लर विकणारेही तिथे आहेत. घरातल्या दोघा-तिघांसाठी एकदम घेतल्यास भाव उतरतो. गोलबाजारातही साध्या चौकडीच्या दक्षिणी लुंग्या मिळतात. दोन-चारशे रुपयांत रोजच्या वापराची चांगली लुंगी येते. ओडिशा आपल्याला लागूनच, त्यामुळे संबलपुरी नक्षीची लुंगी मिळाली तर ती पाहुण्यांसमोर नेसायला फार देखणी दिसते.

हातमागाचेच हवे असेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. १९८५ च्या कायद्याने ठराविक प्रकारची लुंगी हातमागासाठी राखून ठेवली आहे, तरी यंत्रमागाचे कापड "हँडलूम" म्हणून गळ्यात मारले जातेच. २००६ पासून सुरू झालेले हँडलूम मार्क हे चिन्ह लावलेले आहे का, ते पाहावे. आपल्या राज्याच्या हातमाग संघाच्या 'बिलासा' या विक्री केंद्रातही चक्कर टाकावी. लुंगी नसली तर पन्ना पुरतो का ते पाहून सुती कापड घेता येईल.

घरी आणल्यावर

लुंगी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कात्री-सुई लावावी. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर न शिवलेली लुंगी सोयीची. तो हिंडूफिरू लागला की दोन्ही टोके जोडून शिवून घ्यावी, म्हणजे पुढून उघडी पडण्याची भीती उरत नाही. हातांत जोर नसेल तर गाठीच्या भरवशावर न राहता वरून रुंद, मऊ पट्टा बांधावा. काच पडेल असे घट्ट इलॅस्टिक नको. लुंगी नेसून स्कूटरवर बसणे मात्र टाळावे, टोक चाकात जायला क्षण पुरतो.

आणि खिसा! किल्टलाही खिसा नसतो, म्हणून ते लोक कमरेला चामड्याची पिशवी लटकवतात. मी बाबांच्या लुंगीला उरलेल्या पट्टीचा खिसा शिवला. चष्मा आणि मोबाइल त्यात छान मावतो.

राहिला प्रश्न लाजेचा. छत्तीसगडच्या खेड्यांत पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पंछा नेसून शेतात राबत आले, तोच आपला पंचा. म्यानमारमध्ये पुरुष लोंजी नेसून कचेरीत जातात. आपल्याकडे मात्र २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. त्यावर तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला. कायदा क्लबाचे दार उघडू शकतो, घरातल्या खोलीचे दार आपल्यालाच उघडावे लागते.

मी बाबांसाठी तीन लुंग्या आणल्या होत्या. दोन रोजच्या आणि एक निळी, बारीक काठाची, खास बैठकीसाठी. तिच्यावर इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून ते आरशासमोर उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी सवयीने आतले दार लोटायला निघाले, तर बाबा वॉकर टेकत माझ्याआधी बैठकीत पोहोचले होते. "अरे ये, ये," त्यांचा आवाज ऐकू आला, "सूनबाई, दोन चहा टाका!"