घराच्या पाठीशी पाणी

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. त्यात घर बांधताना होणाऱ्या दमछाकीची समज होती. आता बांधण्याइतकीच सजवण्याचीही दमछाक होते. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, की खरी चर्चा सुरू होते: छताला पीओपी करायचे का, दिवाणखान्याची फरशी कोणती, स्वयंपाकघराचा ओटा काळा की पांढरा. अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत निळ्या फरशीचा, निळ्या पाण्याचा एक छोटा तलाव हवा. शहरातल्या लोकांनी त्याला स्विमिंग पूल म्हणावे आणि गावातल्यांनी हौद, पण हौस एकच.

मुंबई-कोलकाता महामार्गावर, गोंदियाचा रस्ता जिथे येऊन मिळतो, त्या कोहमाऱ्यासारख्या गावाच्या संदर्भात हा विषय काढला, तर काहींना हसू येईल. धानाच्या बांध्यांच्या मुलखात पोहण्याच्या तलावाच्या गप्पा कशाला? पण हसण्याचे कारण नाही. ज्याने कष्टाने चार पैसे मिळवले, त्याला आपले घर देखणे असावे असे वाटले तर त्यात गैर काय? सुंदर घर ही काही फक्त शहरवाल्यांची मिरासदारी नाही. प्रश्न हौसेचा नाही. हौस भागवताना आपण नमुना कुठला समोर ठेवतो, हा प्रश्न आहे.

परसातल्या तलावाचे जे चित्र मासिकांतून आपल्यापर्यंत पोहोचले, त्याचे मूळ फार दूरचे आहे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने डॉनेल कुटुंबासाठी एक बाग आखली. तिच्यातला वळणदार तलाव इतका गाजला, की पुढे त्याच्या आकाराच्या नकला जगभर झाल्या. तिकडच्या हवेला, तिकडच्या जागेला आणि तिकडच्या राहणीला साजेसे असे ते काम होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि पुढचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते. तो नमुना जसाच्या तसा इथे आणून ठेवला, तर तो उन्हाळ्यात तापेल आणि पावसाळ्यात गढूळ होईल.

ओसरी ते सांदवाडी

या झाडीपट्टीतले जुने घर आठवून पाहा. पुढे अंगण, मग छपरी किंवा ओसरी, आत माजघर, एका बाजूला धानाची कोठी, आणि मागे सांदवाडी. सांदवाडीत विहीर, दोन-चार केळी, भाजीचे वाफे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचे उतरते छप्पर आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेली त्याची वळचण. या वळचणीमुळे ऊन भिंतीला थेट भिडत नसे आणि पावसाचा मारा माती धुऊन नेत नसे. हातपाय धुतलेले पाणी केळीला जाई. त्या घराला कोणी ‘डिझाइन’ म्हटले नाही, पण त्यात विचार होता.

अर्थात त्या घरातले सगळेच गोडवे गाण्यासारखे नव्हते. चुलीच्या धुराने काळे पडलेले स्वयंपाकघर, एवढीशी खिडकी, आणि बायकांच्या आंघोळीला तट्ट्याचा आडोसा. पाहुण्याला मोकळीढाकळी ओसरी आणि दिवसभर राबणारीला घरातला सर्वांत कोंदट कोपरा. म्हणून नव्या घराच्या देखणेपणाची पहिली परीक्षा दिवाणखान्यात घेऊ नये. ती स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात घ्यावी. ओट्यावर दिवसाचा उजेड पडतो का? धूर आणि वाफ बाहेर जायला वाट आहे का? न्हाणीघराला आतून कडी, वर झरोका आणि पायाखाली न घसरणारी फरशी आहे का? हे जमले नसेल, तर छताच्या पीओपीतल्या रंगीत दिव्यांनी घर सुंदर होत नाही.

आतली सजावटही दूरवर शोधायची गरज नाही. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा प्रसिद्ध आहे. त्या पिवळसर, मंद चकाकीच्या कापडाचा एक पडदा खोलीला जी शोभा देतो, ती चकचकीत पॉलिस्टरला येत नाही. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची. अडगळीत पडलेले एखादे मोठे घंगाळ घासूनपुसून दारात ठेवले आणि त्यात पाण्यावर चार फुले सोडली, की प्रवेशद्वार सजले. बुरडांनी विणलेला बांबूचा पडदा पश्चिमेच्या खिडकीबाहेर टांगला, तर ऊन काचेवर पोहोचण्याआधीच अडते. ऊन आत येऊन गेल्यावर ते हटवण्यासाठी कूलर लावण्यापेक्षा हे शहाणपणाचे. जुन्या घरातले सागवानी खांब, तुळया, दारे मोडीत काढण्यापूर्वी सुताराला एकदा दाखवावीत. शंभर वर्षे मुरलेले ते लाकूड पुन्हा मिळणार नाही. आणि स्लॅबचे घर असेल, तर निदान दक्षिण-पश्चिमेला दोन-तीन फुटांचा सज्जा आणि गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात, एवढे तरी करावेच.

लॉरी बेकर या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि केरळला आपले घर मानलेल्या वास्तुविशारदाने आयुष्यभर हेच सांगितले. गावात मिळणारी वीट, गावातला गवंडी, विटांच्या जाळीतून खेळणारी हवा आणि उगाच गिलावा नाही. २००७ मध्ये ते गेले, पण त्यांच्या घरांपुढे आजही लोक थबकतात.

पाण्याचा हिशेब

आता पुन्हा मागच्या अंगणात जाऊ. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल असा तलाव धरा. घरगुती तलावांत हा लहानच. त्यात २१,६०० लिटर पाणी मावते. ‘जल जीवन मिशन’ने ग्रामीण भागासाठी दर माणशी दिवसाला ५५ लिटर असे प्रमाण धरले आहे. म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाला अडीच महिने पुरणारे पाणी त्या एका हौदात उभे राहते.

बरे, ते तसेच उभे राहते असेही नाही. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने सहज उतरते. म्हणजे या तलावातून रोज दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाण्याची वाफ होते. जवळजवळ तीन माणसांचा रोजचा वाटा कोणी न पिता, कोणी न न्हाता आभाळात जातो. ही भरपाई बोअरवेलमधून करायची, आणि तीही नेमकी शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो त्या दिवसांत!

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्यातला सव्वा लाख लिटरहून अधिक पडतो. त्यातला पाव भाग वाया गेला असे धरले, तरी लाखभर लिटर हाती लागते. आज ते पन्हाळीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नालीत जाते. हे पाणी गाळून विहिरीत मुरवणारे घर आणि बोअरवर पंप लावून निळा हौद भरणारे घर, फोटोत दोन्ही सारखीच दिसतील. पण शेजाऱ्याच्या विहिरीला फरक कळेल.

गावाचा हौद

खरी गंमत अशी, की घरामागे पाणी ही कल्पना या मुलखाला नवी नाहीच. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा प्रदेश. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, पण तलावांची ही ठेव दोघांची सामाईक राहिली. कोहली समाजाच्या पूर्वजांनी उताराची नस ओळखून इथे तलाव आणि बोड्या बांधल्या. कोहमाऱ्याजवळचा नवेगावचा बांध कोलू पाटील कोहली यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. भोवतीच्या डोंगरांना आजही ‘सात बहिणी’ म्हणतात. एका घराच्या मागे नव्हे, साऱ्या गावाच्या पाठीशी उभे राहिलेले हे पाणी. धानाला, जनावरांना, ढिवरांच्या जाळ्याला, पोहणाऱ्या पोरांना आणि विहिरींच्या झऱ्यांना पुरणारे.

वाफ या तलावांतूनही होते, हे खरे. पण जाण्यापूर्वी ते पाणी दहा कामे करून जाते.

मालगुजारी संपवणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि हे तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, पण पाळीवर माती टाकणारे, पाट साफ करणारे हात हळूहळू विखुरले. कुठे गाळ साचला, कुठे बेशरम माजली, कुठे काठ अतिक्रमणात गेला. तरी सगळे संपलेले नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना बरोबर घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्यांच्या आसऱ्याने स्थानिक मासे परतू लागले. पाण्याच्या सौंदर्यीकरणाचे याहून चांगले काम कोणते?

मग करावे काय?

ज्याला घरी पाणी हवेच, त्याने जरूर करावे. पण आपल्या मातीतला नमुना पुढे ठेवून. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली, असे सांगतात. त्या विहिरीतच एक छोटा महाल आहे. वर ऊन रणरणत असते, खाली गारवा. पाण्याचा पृष्ठभाग आटोपशीर, भोवती उंच दगडी भिंती आणि बसायला जागा, हे तिचे मर्म. ते आपल्या परसातही उतरू शकते.

हौद लहान ठेवावा. तो पूर्वेला, घराच्या दुपारच्या सावलीत घ्यावा. वर बांबूचा मांडव करून वेल चढवावा आणि वापर नसेल तेव्हा पाणी झाकावे. नुसत्या झाकणाने वाफ बरीच कमी होते. भरायला छपराचे पाणी घ्यावे. ते बदलताना क्लोरीन असलेले पाणी एकदम झाडांच्या मुळाशी सोडू नये. आणि घरात लहान मूल असो वा नसो, भोवती चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवेच. शेजाऱ्याचे मूल खेळत खेळत कधी येईल, सांगता येत नाही. पोहण्यासाठी नव्हे, नुसत्या गारव्यासाठी पाणी हवे असेल, तर चार फुटांची कमळाची टाकी आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे एवढ्यानेही अंगण पालटते.

पण माझे मत विचाराल, तर मुलांना पोहता यावे हीच इच्छा असेल, तर तो पैसा घरामागे पुरण्यापेक्षा गावाच्या तलावावर लावावा. दहा घरांनी मिळून एक घाट बांधावा. उतरत्या पायऱ्या, धरायला कठडा, उथळ भागाची खूण, बायकांना कपडे बदलायला पक्की बंद खोली, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पोहायला शिकवणारा एखादा जाणता ढिवर, त्याला रीतसर मानधन देऊन. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण उगीच पडली नाही. एका हौदाच्या खर्चाला दहा घरांचा हातभार लागला, तर त्यात साऱ्या आळीची पोरे पोहायला शिकतील. दरवर्षी तलावांत बुडून जाणाऱ्या मुलांच्या बातम्या वाचून हळहळण्यापेक्षा हे बरे.

ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या तलावाच्या पाळीचा आणि घाटाचा विषय कोणीतरी काढावा. घराचा नकाशा मंजुरीला नेणाऱ्यानेच तो काढला, तर अधिक चांगले.