मशीन मेलेलं नाही, कंपनीनं हात काढलाय

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कुणाच्या लॅपटॉपचा स्क्रीन फुटला नाही, कुणाचा कीबोर्ड गळून पडला नाही. आदल्या दिवशी चालणारं मशीन दुसऱ्या दिवशीही चालत होतं. फरक एवढाच, की चोराला सापडलेली भोकं बुजवणारा गवंडी कामावर यायचा थांबला.

तरी बाजारात बोंब उठली : जुनं झालं, फेका, नवं घ्या.

विंडोज ११ फुकट आहे म्हणतात. फुकट कुणाला? ज्याच्या मशीनमध्ये टीपीएम २.० आहे त्याला. ज्याचा इंटेल प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे त्याला. आठवी पिढी आली २०१७ साली. म्हंजे त्याआधीचा लॅपटॉप कितीही धडधाकट असो, त्याला दाराबाहेर उभं करायचं. आणि आपल्या पोरांकडं लॅपटॉप असतो कुठला? ऑफिसातनं निघालेला, लॅमिंग्टन रोडवर पुसूनपासून विकलेला, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हातचा. माझा पाचव्या पिढीचा आहे. पाळी संपल्यावर त्याच्यावर कविता टाईप करतो. कवितेला टीपीएम लागत नाही.

कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज सांगितला होता, की या सपोर्टबंदीनं जगातले २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. कचऱ्यात म्हंजे कुठं? दिल्लीच्या सीलमपूरला बघा. तिथं उघड्या हातांनी बोर्ड फोडलेत, तारा जाळून तांबं काढलंय. कंपनीचा सपोर्ट संपतो तिथं या हातांची पाळी सुरू होते. नवं कुणी वापरायचं आणि जुन्याचं विष कुणी उपसायचं, हे या देशात आधीच ठरलेलं आहे.

गोदीत वायरच्या स्लिंगनं माल उचलतात. स्लिंग बाद कधी करायची? तारा किती तुटल्या, गंज किती चढला, पीळ कुठं सुटला, हे डोळ्यानं बघून. कारखान्याचं पत्र आलं म्हणून धड स्लिंग कुणी समुद्रात फेकत नाही. पण तुटक्या स्लिंगखाली कुणी उभंही राहत नाही. लॅपटॉपला हाच न्याय लावा.

खरं काय मोडलंय ते आधी बघा. मशीन रांगतंय? बहुतेक वेळा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती काढा, एसएसडी टाका. रॅम चार जीबी असेल आणि वाढवायची सोय असेल तर आठ करा. तापतंय? पंख्यातला कचरा काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. बॅटरी फुगली असेल तर मात्र हिरोगिरी नको. चार्जिंग बंद, टोचू नका, दाबू नका, जाणत्या कारागिराकडून काढून घ्या.

आता तुटकी तार. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँक आणि आधार उघडून बसणं म्हंजे तुटक्या स्लिंगखाली उभं राहणं. उपाय आहे : लिनक्स. १९९१ पासून जगभरच्या माणसांनी मिळून उभं केलेलं, फुकट. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट जाहीर झालेत. आधी फाइली दुसरीकडं कॉपी करा. मग पेनड्राइव्हवरनंच मिंट चालवून बघा, वायफाय लागतं का, आवाज येतो का. जमलं तर बसवा. देवनागरी चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतो. हे इंजिनेरांचं काम आहे म्हणणाऱ्यांनो, मी मॅट्रिक आहे.

अंकाची पानं पेजमेकरवर लावणारे विचारतील, आमचं काय? पेजमेकर तरी कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडला, पानं लागतातच ना? त्यांनी जुनं विंडोज ठेवावं, पण नेट तोडून.

दुरुस्तीनं सगळं भागत नाही. भांडावंही लागतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ जाहीर केली. अट काय? सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर ठेवा, पॉइंट मोजा, नाहीतर ३० डॉलर टाका. युरोपात ग्राहक संघटनांनी दम दिला, तिथं ही अट सुटली. आपण गप्प, आपल्याला अट. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्तीला किती सोपा, याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्या सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. पोर्टलनं सुटा भाग मिळत नाही. तो मिळालाच पाहिजे. अपडेट किती वर्षं देणार, ते खोक्यावर छापलंच पाहिजे.

घाम गाळून घेतलेली वस्तू कधी मेली, हे विकणाऱ्यानं ठरवायचं नाही. स्क्रू ड्रायव्हर घ्या. झाकण खोला. ज्याला येतं त्यानं वस्तीतल्या दोघांना शिकवा.